अर्धा बार, दोन टन

ट्रेलरच्या टर्बोचार्जरमध्ये हवा दाबणारं एक चाक असतं. ॲल्युमिनियमचं, साधारण ८ सेंटिमीटर व्यासाचं, हातात घेतलं तर वजन जाणवूही नये इतकं हलकं. इंजिन पूर्ण भाराखाली असताना हे चाक मिनिटाला १,१०,००० फेऱ्या घेतं, म्हणजे सेकंदाला १,८३३. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ४६० मीटर निघतो, ताशी १,६५० किलोमीटरच्या पुढे. आवाजाचा वेग आपल्या हवेत सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास असतो. म्हणजे बॉनेटखाली एका बंद डब्यात धातूची पाती तासन्‌तास आवाजापेक्षा जोरात धावत असतात.

आता वेगाचा वर्ग करा आणि त्रिज्येनं भागा, शाळेत शिकलो तसंच. उत्तर गुरुत्वाकर्षणाच्या ५ लाख ४० हजार पट येतं. कडेवरच्या एक ग्रॅम धातूला बाहेर खेचणारा जोर ५४० किलो. एका ग्रॅमला अर्ध्या टनाहून जास्त! चाक फुटत नाही, कारण ते नेमक्या एवढ्याच जोरासाठी, थोडी जागा राखून, बनवलेलं असतं. ती राखलेली जागा किती आणि ती कधी संपते, हाच बूस्ट, म्हणजे टर्बोनं हवेवर चढवलेला जादा दाब, प्रमाणाबाहेर जाण्याचा सगळा विषय आहे.

हा विषय नवी मुंबईत रोज कुठे ना कुठे उभा असतो. न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात तिथे ७३ लाखांच्या आसपास टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबानं मोजलेला माल, हाताळला गेला. दिवसाला २०,००० पडतात. त्यातला मोठा हिस्सा रस्त्यानं येतो-जातो. उरणचा रस्ता, कळंबोलीचा लोखंड बाजार, तुर्भ्याची एपीएमसी, पुढे द्रुतगती मार्ग आणि बोरघाट. या वाटेवर ट्रक-ट्रेलरच्या गॅरेजांची रांगच आहे, आणि तिथे येणाऱ्या तक्रारींत एक नेहमीची: ‘चढावर पिकअप जातो, लाईट लागते, गाडी बंद करून चालू केली की पुन्हा नीट.’ स्कॅनर लावला की कधी बूस्ट कमी असल्याचा कोड येतो, कधी जास्त असल्याचा. लहान गाड्यांत जास्तीचा कोड पी०२३४, कमीचा पी०२९९. जड वाहनांत तीच गोष्ट ‘एसपीएन १०२’ या नावाखाली येते.

यातली जास्तीची तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती सगळ्यात जास्त वेळा उलटी समजली जाते. दाब वाढला की इंजिनाचा संगणक डिझेल तोडतो, गाडी मरगळते. ड्रायव्हरला कळतं ते एवढंच की ताकद गेली. ताकद गेली म्हणजे टर्बो बसला, असा समज पक्का. मग कुणीतरी ताकद वाढवायला जातो, आणि आधीच जास्त असलेला दाब आणखी वाढतो.

आकडे नीट डोळ्यांसमोर यावेत म्हणून एक इंजिन धरू. सहा सिलिंडर, ६.७ लिटर, ३०० अश्वशक्ती. ५५ टनांपर्यंतचा ट्रेलर ओढणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत या मापाचं इंजिन असतं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. २,००० फेऱ्यांवर मिनिटाला हजार वेळा ६.७ लिटर, म्हणजे ६,७०० लिटर. टर्बो नसता तर एवढ्यावरच भागलं असतं. पण टर्बो बाहेरच्या हवेवर आणखी २ बारचा दाब चढवतो, इंटरकूलर ती हवा थंड करून आणखी दाट करतो, आणि बाहेरून आत खेचली जाणारी हवा मिनिटाला १७,००० लिटरच्या घरात जाते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सात लिटरच्या आसपास हवा श्वासात घेतो. एक ट्रेलर चढावर २,४०० माणसांचा श्वास घेत असतो.

वजनात सांगायचं तर मिनिटाला २० किलो हवा. ५५ टन वजन ६०० मीटर वर न्यायचं, म्हणजे साधारण खोपोलीच्या पायथ्यापासून खंडाळ्याच्या डोक्यापर्यंतचं काम, तर नुसतं उचलण्यालाच ९० युनिट ऊर्जा लागते. ३०० अश्वशक्ती पूर्ण पिळली तरी २४ मिनिटं. चाकांचं घर्षण आणि वाऱ्याचा विरोध त्यात धरलेलाच नाही. या २४ मिनिटांत इंजिन जवळजवळ अर्धा टन हवा गिळतं. टर्बोच्या फेऱ्या होतात २६ लाख. पिस्टनांवर एकूण १ लाख ४४ हजार स्फोट होतात.

एवढी हवा दाबायला ताकदही तेवढीच लागते. बाहेरची हवा तिप्पट दाबाला न्यायची तर ती तापतेच. ३० अंशांची हवा चाकातून बाहेर पडताना १८० अंशांच्या आसपास असते. मिनिटाला २० किलो हवा दीडशे अंशांनी तापवणं म्हणजे ५० किलोवॅट, ६८ अश्वशक्ती. छोट्या मोटारीचं अख्खं इंजिन जेवढी ताकद देतं तेवढी इथे बोटाएवढ्या जाडीच्या दांड्यातून जाते, आणि ती येते फुकट जाणाऱ्या धुरातून. दांड्याच्या एका टोकाला ६००-७०० अंशांचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, मध्ये अवघं वीतभर अंतर, आणि दांडा तरंगतो तेलाच्या थरावर, ज्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांत मोजतात.

धुराची ही ताकद वापरण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याची. पेटंट १९०५ चं. प्रत्यक्ष इंजिनावर ती पटेल अशी चालायला १९२५ साल उजाडलं. तेव्हा त्यानं ताकद ४० टक्क्यांच्या वर वाढवून दाखवली. वीस वर्षं गेली याचं मला आश्चर्य वाटत नाही. एवढ्या वेगाला आणि एवढ्या उष्णतेला टिकणारा धातू, एवढ्या बारीक फटीचं बेअरिंग हे आधी जन्माला यायला हवं होतं.

आता अर्धा बार जास्तीचा हिशेब. २ च्या जागी २.५ बार. डायलवर काटा किंचित पुढे सरकलेला दिसतो, एवढंच.

सिलिंडरात आलेली हवा पिस्टन सतरा पट कोंबतो. कोंबताना ती तापते, त्यामुळे दाब सतरा पटीनं न वाढता चाळीस पटीच्या आसपास वाढतो. म्हणजे आत येताना जो अर्धा बार जास्त होता, तो पिस्टन वर पोहोचेपर्यंत २० बार झालेला असतो, डिझेलचा थेंबही पडण्याआधी. या इंजिनाच्या पिस्टनचा व्यास १०७ मिलिमीटर, क्षेत्रफळ ९० चौरस सेंटिमीटर. त्यावर २० बार म्हणजे १,८०० किलोच्या वर. डिझेल पेटल्यावर फरक आणखी वाढतो. ढोबळपणे दोन टन धरा: प्रत्येक पिस्टनवर, प्रत्येक ठोक्याला, दोन टन जादा. मुळात जळताना दाब १८० बारपर्यंत चढतो असं धरलं तर पिस्टनवर साडेसोळा टन असतातच. त्यावर हे दोन. तोच जोर उलट्या बाजूनं सिलिंडर हेडला वर उचलत असतो, आणि हेडचे बोल्ट आणि हेड गॅस्केट त्याला धरून असतात. हेड गॅस्केट वारंवार जाणाऱ्या गाडीत बूस्ट तपासल्याशिवाय नवं गॅस्केट टाकू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

टर्बोच्या बाजूला याच अर्ध्या बारचं गणित वेगळं चालतं. दाब तिप्पटवरून साडेतीनपट न्यायला चाकाला आठ टक्के जास्त फिरावं लागतं. १,१०,००० चे १,१९,००० होतात. आठ टक्के किरकोळ वाटतात, पण जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे कडेच्या एका ग्रॅमवरचे ५४० किलो आता ६३० होतात. हवा १८० ऐवजी २०० अंशांच्या वर जाते. ॲल्युमिनियमला हे दोन्ही एकदम आवडत नाही: गरम झालं की त्याची ताकद उतरते, आणि नेमकं तेव्हाच ओढ वाढलेली असते. चाक लगेच फुटत नाही. प्रत्येक चढावर पात्यांच्या मुळाशी थोडी थोडी थकावट साठत जाते, आणि एखाद्या दिवशी, कदाचित अगदी नेहमीच्या भारावर, पातं निघतं.

घाटाचं स्वतःचंही यात योगदान आहे. न्हावा-शेवाला समुद्रसपाटीवर हवेचा दाब १.०१ बार असतो, खंडाळ्याला ०.९४ च्या आसपास. सिलिंडरात जाणारी हवा तेवढ्याच दाबाची हवी असेल तर टर्बोला पातळ हवेपासून सुरुवात करून तिथेच पोहोचायचं असतं. त्यासाठी चाक तीनेक टक्के जास्त फिरतं, मिनिटाला ३,५०० फेऱ्या जास्त. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब ०.६५ बारच उरतो. तिथे हा हट्ट धरला तर चाक टिकणार नाही, म्हणून संगणक स्वतःच मागणी कमी करतो. म्हणजे डायलवरचा दाब सारखाच दिसत असला तरी चाकाचे हाल जागेप्रमाणे बदलतात.

मोठ्या मापाकडे जायचं तर त्याच बंदरातल्या जहाजांच्या जगात जावं लागतं. या मोजपट्टीच्या पार टोकाला २००६ सालच्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचं इंजिन आहे. चौदा सिलिंडर, वजन २,३०० टन, ताकद ८०,०८० किलोवॅट, म्हणजे १ लाख ९ हजार अश्वशक्ती. पिस्टनचा व्यास ९६ सेंटिमीटर, स्ट्रोक अडीच मीटर. एकाच सिलिंडरात १,८०० लिटर मावतात. पूर्ण वेगालाही फेऱ्या मिनिटाला फक्त १०२. एवढं इंजिन तासाला सहाशे टनांहून अधिक हवा मागतं, आणि ती पुरवणारे टर्बो प्रत्येकी कित्येक टनांचे असतात. इथे तोच अर्धा बार जास्त झाला तर एका पिस्टनवर शंभर टनांहून जास्त भार वाढतो.

जहाजावर बूस्ट वाढायला बिघाडच व्हावा लागतो असंही नाही, थंडीही पुरते. ३५ अंशांच्या हवेपेक्षा उणे २० अंशांची हवा २२ टक्के दाट असते. उष्ण कटिबंधासाठी जुळवलेलं इंजिन उत्तरेच्या हिवाळ्यात गेलं की बाकी काहीही न बदलता आतला दाब चढू लागतो. म्हणून अशा पाण्यात फिरणाऱ्या जहाजांना धुराचा काही भाग टर्बोला टाळून थेट धुराड्याकडे सोडणारी वाट ठेवतात.

उलट टोकाला शर्यतीच्या मोटारी. १९८६ साली फॉर्म्युला वनमध्ये बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडर इंजिन पात्रता फेरीसाठी ५ बारच्या पुढे बूस्ट घेत असे, आणि त्याची ताकद १,३०० अश्वशक्तीच्या पलीकडे गेल्याचं मानलं जातं. आपल्या ट्रेलरच्या इंजिनाच्या पावपटीहूनही लहान, आणि ताकद चौपटीहून जास्त. ते इंजिन काही फेऱ्यांपुरतंच जगायचं. नियम करणाऱ्यांनी १९८७ साली बूस्ट ४ बारवर आणला, १९८८ साली अडीचवर, आणि १९८९ साली टर्बोच बंद केला. तिथे अति बूस्ट हा हेतू होता, कळंबोलीत तो बिघाड असतो. धातूला मात्र दोन्ही सारखेच.

मग ट्रेलरमध्ये या दाबाला लगाम कोण घालतं? बहुतेक टर्बोंवर धुराच्या वाटेत एक झडप असते, वेस्टगेट. ती उघडली की काही धूर टर्बाईनला, म्हणजे धुरावर फिरणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या चाकाला, वळसा घालून निघून जातो आणि चाक मंदावतं. झडप उघडायला एक डबी असते, ॲक्च्युएटर. आत रबरी पडदा, मागे स्प्रिंग, आणि पुढे एक रॉड. डबीला दाब मिळतो तो टर्बोनंच दाबलेल्या हवेतून, एका बारीक रबरी नळीनं. पाच सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर २ बार म्हणजे ४० किलोचा रेटा. दाब वाढला की पडदा रॉडला ढकलतो, झडप उघडते, दाब उतरतो. किती साधी, किती सुंदर रचना! इंजिनाच्या डोक्यावरच्या टनावारी भाराचा रखवालदार एक रबराचा पडदा आणि बोटाएवढी नळी.

आणि इथेच पहिला चकवा आहे. ही नळी फाटली, तिचा क्लॅम्प सैल झाला किंवा पडद्याला भोक पडलं, तर डबीला दाब पोहोचत नाही. झडप मिटलेलीच राहते, सगळा धूर टर्बाईनवरून जातो, आणि बूस्ट चढत राहतो. हवा गळली की दाब कमी होणार ही आपली सहज समजूत. या एका नळीच्या बाबतीत गळतीनं दाब वाढतो. गरम टर्बोला लागून गेलेली ही नळी उन्हाळा-पावसाळा काढून कडक होते, मग तडकते. तडा खालच्या बाजूला असेल तर वरून नळी शाबूत दिसते. वाकवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

नव्या गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर, वेस्टगेटचं नियंत्रण बऱ्याचदा संगणकाच्या हातात असतं. काहींत वेस्टगेट नसतंच; टर्बाईनभोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं असतं. पाती मिटली की धूर अरुंद वाटेनं जोरात जातो आणि चाक पळतं, उघडली की मंदावतं. या रचनेचा शत्रू काजळी. बंदराच्या रांगेत गाडी तासन्‌तास आयडलवर उभी राहते, धूर कमी आणि थंड, काजळी बसत जाते. आयडलला पाती मिटल्या बाजूलाच असतात, आणि तिथेच ती चिकटतात. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. पुढे भार पडतो, धूर वाढतो, पाती उघडायला हवीत आणि उघडत नाहीत. मग चाकाला कुणी आवरणारं उरत नाही.

निदान करताना मात्र या सगळ्याच्या आधी एक गोष्ट: आकडा खरा आहे का ते बघायचं. दाब मोजणारा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर असतो. त्याला ५ व्होल्ट मिळतात आणि तो साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टमध्ये उत्तर देतो. समजा त्या चार व्होल्टमध्ये ४ बारची पट्टी बसवली आहे. मग ०.१ व्होल्टची चूक म्हणजे ०.१ बारची चूक. उरण-न्हावा भागातल्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडायला वेळ लागत नाही, आणि सेन्सरच्या अर्थिंगच्या पिनेवर गंज चढला की संगणकाला दिसणारा आकडा वरच सरकतो. टर्बो बरोबर, दाब बरोबर, फक्त खबर चुकीची.

याची परीक्षा फुकट आहे आणि नवी मुंबईत ती फारच सोपी आहे, कारण शहर समुद्रसपाटीला आहे. इंजिन बंद, चावी ऑन. टर्बो स्थिर, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा. स्कॅनरवर एकूण दाब १०० किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवा. वातावरणाचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असेल तर दोघांचे आकडे जुळायला हवेत. इंजिन बंद असताना १२० दिसले, तर न वाहणाऱ्या हवेचा ०.२ बार बूस्ट दाखवणारा सेन्सर खोटं बोलतोय. मग कनेक्टर काढायचा, पिना पाहायच्या, सेन्सरच्या तोंडावरची काजळी-तेल साफ करायचं, आणि पुन्हा आकडा बघायचा. मोजून दहा मिनिटांचं काम. यात टर्बोला हातही लागत नाही.

आकड्यांच्या आणखी दोन फसगती आहेत. काही उपकरणं एकूण दाब दाखवतात, काही वातावरणाच्या वरचा. एकावर ३ बार आणि दुसऱ्यावर २ बार दिसले तर दोन्ही बरोबर असतात. पण एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मर्यादेशी ताडला तर धडधाकट टर्बो एक बार जास्त दाब देतोय असं वाटतं. दुसरी फसगत लहान गाड्यांत. स्कॅनरला जाणारा जुना, सर्वसामान्य बूस्टचा आकडा एकाच बाइटमध्ये बसवलेला असतो, म्हणून तो २५५ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही. खरा दाब २७० असला तरी पडद्यावर २५५ वरच थांबतो. ट्रकच्या जाळ्यातला आकडा दोन-दोन किलोपास्कलच्या पायऱ्यांनी मोजतात, म्हणून तो ५०० पर्यंत पोहोचतो. २५५ वर चिकटलेला आकडा दिसला तर तो दाब नाही, पट्टीचं टोक आहे.

कोडच्या शेपटीतही माहिती असते. ट्रकमध्ये ‘एसपीएन १०२’ला जोडून ‘एफएमआय’चा अंक येतो. ३ आला तर सेन्सरचा व्होल्टेज मर्यादेबाहेर चढलाय, आधी वायरिंग बघायचं. ० किंवा १६ आला तर सिग्नल शाबूत आहे आणि दाबच जास्त नोंदला गेलाय. हा एक अंक न वाचता कोड पुसून टाकणं म्हणजे अर्धं निदान फेकून देणं.

सेन्सर चावीच्या परीक्षेत पास झाला तरी तो वरच्या दाबाला खरं बोलतोच असं नाही. म्हणून मॅनिफोल्डवर टी जोडून साधा काट्याचा गेज बसवायचा आणि त्याची नळी केबिनमध्ये आणायची. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन पूर्ण बूस्ट येत नाही. भार नसला की डिझेल कमी जळतं, धुरात ताकद नसते. गाडी भरलेली हवी आणि चढ हवा. त्याआधी हाताच्या पंपानं ॲक्च्युएटर तपासून घ्यायचा. नळी काढून पंप जोडायचा, हळूहळू दाब द्यायचा, नजर रॉडवर. कंपनीनं सांगितलेल्या दाबाला रॉड हलू लागला पाहिजे, शेवटपर्यंत न अडखळता जायला हवा, आणि पंप थांबवल्यावर पंपाच्या गेजचा काटा खाली यायला नको. काटा उतरला तर पडदा फाटलाय. दाब टिकतोय पण रॉड हलत नाही, तर वेस्टगेटची कडी गंजून जाम झालीय. रॉड फार उशिरा हलला, तर पूर्वी कुणीतरी तो आवळलेला असण्याची शक्यता आहे. पिकअप वाढावा म्हणून रॉडच्या नटाला दोन-तीन फेर देण्याची सवय जुनी आहे. १ मिलिमीटरच्या आट्याला एक फेर म्हणजे रॉड १ मिलिमीटरनं आखूड, आणि तेवढ्यानं झडप उघडण्याचा दाब वर सरकतो. चाकाच्या कडेवरचा जोर आणि पिस्टनवरचे टन कुठून कुठे जातात ते वर पाहिलंच आहे.

मग चढावर स्कॅनरवर तीन रकाने एकाच वेळी नोंदवायचे: संगणकानं मागितलेला दाब, मिळालेला दाब, आणि टर्बोला दिलेला हुकूम. निदानाचा गाभा इथे आहे. क्षणभर मिळालेला दाब मागणीच्या वर उसळला आणि सेकंदाच्या आत खाली आला, तर गिअर बदलताना तसं होतंच. तो वर जाऊन तिथेच बसला, तर हुकुमाच्या रकान्याकडे बघायचं. संगणक ‘उघड, उघड’ म्हणतोय आणि दाब तरी चढतोय, तर अडचण लोखंडात: जाम वेस्टगेट, चिकटलेली पाती, फाटकी नळी. संगणकच जास्त दाब मागतोय आणि टर्बो इमानानं तेवढाच देतोय, तर अडचण सॉफ्टवेअरमध्ये. कुणीतरी रिमॅप करून मागणीच वाढवलेली असते. स्कॅनर जास्त म्हणतोय आणि काट्याचा गेज बरोबर, तर सेन्सर. तीन रकाने आणि एक काटा यांच्यापुढे बहुतेक बिघाड उघडे पडतात, आणि त्यातल्या बऱ्याच बिघाडांत नवा टर्बो लागतच नाही.

बूस्ट ताळ्यावर आणल्यावरही एक काम राहतं, आणि ते टाळलं तर पुढचा खर्च मोठा. बरेच दिवस जास्त दाबावर पळालेल्या गाडीचा टर्बो आतून तपासायचा. हवेचा पाईप काढून दांडा पुढे-मागे ओढून बघायचा. ही हालचाल सहसा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवी, आणि ती बोटाच्या अंदाजानं न ठरवता डायल गेज लावून मोजायची. चाकाच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या नाहीत ना, घराच्या भिंतीवर घासल्याची चकाकी नाही ना, ते बॅटरीच्या उजेडात पाहायचं. एखाद्या पात्याचं टोक जरी गेलेलं असेल तर तो तुकडा गेला कुठे याचा शोध लागेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. तो बहुधा इंटरकूलरमध्ये असतो. इंटरकूलर उतरवून, उलटा करून, धुऊन काढायचा आणि तुकडा सापडला की मगच नवा टर्बो बसवायचा.